पंप उतरवण्याआधी नळी पाहा

अक्कलकोट रोडवरील कारखान्यांत वीज गेली की जनरेटर लावला जातो. दहा मिनिटांत त्याचा आवाज खालीवर होऊन तो बंद पडला, की मालक म्हणतो, "पंप गेला!" मिस्त्रीही मान डोलावतो. पंप दुरुस्तीला जातो. तो येईपर्यंत वीज जाईल तितका वेळ माग उभे, आणि नगावर काम करणाऱ्या विणकराची रोजी बुडते. पंप परत येतो, बिल चुकते होते, इंजिन पुन्हा दहा मिनिटांतच बंद! आमच्या मते असे कित्येक पंप बिनकसूर असतात. इंजिनाने एअर घेतलेली असते.

२००६ साली भारनियमनाच्या दिवसांत आम्हीही हेच केले. टॉवेलची ऑर्डर अडलेली, आणि पंपाचे पैसे आम्ही दोनदा मोजले. अखेर एका वयस्कर मिस्त्रीने टाकीची नळी सोडवली, डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर टांगला आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली. इंजिन तासभर बिनतक्रार चालले. दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत होता. टाकीकडच्या सांध्यातला तांब्याचा वायसर चेपून गेला होता, इतकेच.

तो सांधा अगदी कोरडा होता, म्हणूनच आम्ही फसलो. टाकी खाली आणि इंजिन वर असले की फीड पंप डिझेल ओढून घेतो. अशा नळीला बारीक फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली फट ओली दिसते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे पंप बुडबुडा दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही.

फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून एअर काढली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती आली कोठून, हे मालकाने विचारलेच पाहिजे. नळीच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवावी, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. सांधा उघडला की नवा वायसर घालावा. तो नसेल तर जुना लाल तापवून घ्यावा, तांबे पुन्हा मऊ होते. टेफ्लॉनची पट्टी मात्र गुंडाळू नये, तिचे तुकडे पंपात जातात.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर आमचे एक नातलग मासेमारीच्या नौकेवर आहेत. नौकेतही टाकी खाली असते, पण इंजिन अडखळले की ते आधी सांधे चाचपतात. भर समुद्रात पंप उतरवून पाठवणार कोणाकडे?

आमच्या जनरेटरजवळ खिळ्याला वायसरांची पुडी आणि पारदर्शक नळी टांगलेली असते. शेजारचे कारखानदार मागून नेतात. नळी तेवढी परत येते.