पदवीधर स्थलांतरिताचा वाली कोण?

कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे निघाले की वाटेत गोविंदपुरम् लागते. कावेरीच्या खोऱ्यातील द्राविडी गोपुरांच्या गर्दीत तेथील विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचे उत्तरेच्या धाटणीचे शिखर दुरूनच वेगळे दिसते. २०११ मध्ये या मंदिराचा कुंभाभिषेक झाला. तमिळ भाविकांच्या तोंडून मराठी अभंग ऐकताना दिल्लीहून गेलेल्या मराठी माणसाला अप्रूप वाटते. मात्र तंजावर मराठी कुटुंबातील एका निवृत्त शिक्षकांनी मंदिराच्या मंडपात मला जो प्रश्न विचारला, तो अभंगांविषयी नव्हता.

त्यांचा नातू संगणक अभियंता आहे. परदेशातील कंपनी व्हिसासाठी 'स्पॉन्सर' करील, असे आश्वासन देणारे पत्र त्याला एका सल्लागार संस्थेकडून आले होते. त्यासाठी 'प्रक्रिया व प्रशिक्षण' या नावाखाली चार लाख रुपये आगाऊ मागितले होते. आजोबांनी मोबाइलवर ते पत्र दाखवले आणि म्हणाले, ''तुम्ही दिल्लीत असता, संसदेत जाता. हे खरे की खोटे, हे सरकारच्या कोणत्या खात्यात विचारायचे?'' पंधरा-वीस वर्षे संसदेचे वार्तांकन करणाऱ्या माझ्याकडे या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर नव्हते. उत्तर नसणे हा केवळ माझा दोष नाही. तसे उत्तर आपल्या राज्यव्यवस्थेने तयारच केलेले नाही.

चाकरीसाठी मुलूख सोडणे या परिसराला नवे नाही. १८५५ मध्ये तंजावरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्याच सुमारास कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले तंजावर मराठी टी. माधवराव त्रावणकोरच्या सेवेत चढत होते. १८५७ मध्ये ते तेथे दिवाण झाले आणि पुढे इंदूर व बडोदा या संस्थानांचा कारभारही त्यांनी पाहिला. ज्यांचे शिक्षण कुंभकोणमला झाले ते श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, तेव्हा मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला अडीचशे पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. माधवरावांना बोलावणारी संस्थाने होती आणि रामानुजन यांना पाठवणारे विद्यापीठ होते. आजच्या अभियंत्याचा प्रायोजक असते ती खासगी कंपनी. ती खरी आहे की कागदावरची, हे तपासण्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याच्या शिरावर आहे.

या व्यवस्थेचे मर्म 'प्रायोजक' या एका शब्दात आहे. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्यासाठी उमेदवाराला स्वतः अर्ज करता येत नाही. तो मालकाने करायचा असतो. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २० हजार अशी या व्हिसांची सर्वसाधारण मर्यादा आहे. २०२४ च्या वित्तीय वर्षासाठी या ८५ हजार जागांकरिता सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या झाल्या. त्यांपैकी चार लाखांहून अधिक नोंदण्या एकाच व्यक्तीसाठी एकापेक्षा जास्त कंपन्यांनी केलेल्या होत्या. सोडतीत नाव निघण्याची शक्यता वाढावी म्हणून हा खटाटोप होता. पुढील वर्षापासून अमेरिकेने एका व्यक्तीला एकच संधी असा नियम केला. नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ज्या देशात घरभाडे भरले, मुले शाळेत घातली, त्या देशात राहण्याचा हक्क अशा रीतीने एका कंपनीच्या मर्जीवर टांगलेला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी घोषणापत्राद्वारे नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला. हे घोषणापत्र बारा महिन्यांच्या मुदतीचे होते. परंतु अशा निर्णयाचा परिणाम मुदतीपुरता राहत नाही. प्रामाणिक मध्यम कंपनी दाराबाहेरचा उमेदवार घेण्याचे टाळू लागते. खरा प्रायोजक दुर्मिळ झाला की खोट्या प्रायोजकाचा भाव वाढतो. गोविंदपुरम्‌च्या आजोबांच्या मोबाइलवरील पत्र या बाजाराचेच अपत्य आहे.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आखाती देशांत जाणाऱ्या मजुराला डोळ्यांसमोर ठेवून झाला. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर त्यासाठी तपासणीची नोंद असते. अधिसूचित देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. भरती करणारा दलाल नोंदणीकृत असला पाहिजे आणि त्याने ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा नियम आहे. या नियमांची अंमलबजावणी किती होते, हा वेगळा विषय. तत्त्व मात्र स्पष्ट आहे: परदेशी मालकापुढे एकट्या कामगाराला सोडायचे नाही. दहावीच्या पुढे शिकलेल्याला परवानगीची अट नाही. परवानगी नाही म्हणून त्याच्या नोकरीच्या कराराची तपासणीही नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित स्वतः पाहील, असे कायद्याने गृहीत धरले आहे.

हे गृहीतक किती तकलादू आहे, हे म्यानमारच्या सीमेवर दिसले. थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'ची नोकरी देण्याच्या आमिषाने माहिती-तंत्रज्ञानात प्रवीण तरुणांना फसवले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. ही मुले सीमेपलीकडे नेली जात आणि सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांत डांबली जात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले. सुटका करणाऱ्या अधिकाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण सुटकेसाठी विमान पाठवणाऱ्या सरकारला, जाण्यापूर्वी कागद तपासून देणारी खिडकी उघडता येऊ नये, हे अनाकलनीय आहे.

सरकार या क्षेत्राबाबत उदासीन आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने ज्यांचे निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-१बी व एल-१ व्हिसावर आहेत अशा मोठ्या कंपन्यांवर अनुक्रमे चार हजार व साडेचार हजार डॉलरचे जादा शुल्क लादले. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत वाद नेला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्या वाटाघाटींत तात्पुरत्या कामासाठी जाणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांना व त्यांच्या कंपन्यांना तीन वर्षे ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट देण्याचे ठरले. म्हणजे अभियंता हा कंपनीच्या 'सेवा निर्याती'चा भाग असेल, तर वाणिज्य मंत्रालय त्याच्यासाठी जगाशी भांडते. तोच अभियंता स्वतःच्या हिमतीवर प्रायोजक शोधायला निघाला, तर त्याला कोणत्याच मंत्रालयात जागा नाही. प्रवासी भारतीयांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले होते. २०१६ मध्ये तेही परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले.

प्रशासनातील मित्र यावर दोन आक्षेप घेतात. व्हिसा देणे हा परक्या राज्याचा सार्वभौम अधिकार आहे, तेथे आपण काय करणार, हा पहिला. सुशिक्षितांनी देश सोडावा म्हणून सरकारने पैसा का खर्च करावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर असे की, मागणी व्हिसाची नाहीच. मागणी माहितीची आहे. दुसऱ्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत मिळते. २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी पाठवलेल्या पैशांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, म्हणजे कोणत्याही एका देशापेक्षा जास्त होता. हा पैसा स्वीकारणाऱ्या राज्यांत २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला होता. या पैशाचा उल्लेख आपण अर्थसंकल्पीय चर्चांत अभिमानाने करतो. तो पाठवणाऱ्याची वाट सुरक्षित करणे ही खैरात नव्हे.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. ब्रिटनचे सरकार परवानाधारक प्रायोजकांची यादी जाहीर करते. कोणत्या कंपनीला किती एच-१बी मंजुऱ्या मिळाल्या, ही आकडेवारी अमेरिकेची नागरिकत्व व स्थलांतर सेवा खुली ठेवते. या याद्या मराठीत व तमिळमध्ये समजावून सांगणारा आणि नियुक्तिपत्र पडताळून ठरावीक दिवसांत उत्तर देणारा कक्ष प्रत्येक पारपत्र कार्यालयात असू शकतो. भरतीशुल्काची मर्यादा पदवीधरांच्या भरतीलाही स्पष्ट शब्दांत लागू व्हावी. 'प्रशिक्षण' या नावाने घेतलेली रक्कमही शुल्कच मानावी. अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे काही वर्षे वर्गणी भरून परतलेल्यांचे नुकसान होते. तो विषय व्यापाराच्या प्रत्येक वाटाघाटीत मांडला गेला पाहिजे.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि ऑक्टोबर २०२५ असे तीन वेळा नवे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले झाले. शेवटच्या मसुद्याच्या शीर्षकातच 'मोबिलिटी' म्हणजे गतिशीलता हा शब्द आहे. कायद्याचे अंतिम रूप कोणतेही असो, त्याची कसोटी एकच असावी. माणूस मजूर असो की अभियंता, परदेशातील नोकरीचा कागद हाती आल्यावर तो खरा की खोटा हे सांगण्यास सरकार बांधील आहे की नाही? खासदारांनी सभागृहात हा प्रश्न थेट विचारावा. महाराष्ट्र आणि तामिळनाडू या दोन राज्यांच्या खासदारांनी तर तो एकत्र विचारावा, इतके त्यात दोघांचे हित आहे.

गोविंदपुरम्‌ला त्या आजोबांना मी एवढेच सांगू शकलो की, खरा मालक नोकरी देण्यासाठी नोकराकडून पैसे मागत नाही. चार लाख भरू नका. त्यांनी ते ऐकून घेतले. नातू ऐकेल का, याची त्यांना खात्री नव्हती. एका अनोळखी वार्ताहराचा सल्ला आणि छापील लेटरहेडवरचे आश्वासन यांत चोवीस वर्षांचा मुलगा कशावर विश्वास ठेवील, हे सांगणे कठीण नाही. त्याला तेच उत्तर सरकारी शिक्क्यासह मिळायला हवे होते.