मालमोटारीचाही वारसा असतो

जुन्या आणि दुर्मिळ मोटारगाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या गाड्यांना त्यायोगे वारशाचा दर्जा मिळण्याची सोय झाली, ही गोष्ट स्वागतार्ह होती. मात्र या नियमांतील दोन अटींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिली अट अशी, की गाडी खासगी वापराची दुचाकी किंवा प्रवासी मोटार असली पाहिजे. धंद्यासाठी वापरलेल्या वाहनाला तेथे प्रवेश नाही. दुसरी अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. संस्थानिकांच्या वाड्यात झूल पांघरून उभ्या राहिलेल्या मोटारीला या दोन्ही अटी सहज पाळता येतात. उन्हातान्हात, घाटात आणि चिखलात राबलेल्या मालमोटारीला मात्र त्यांपैकी एकही पाळता येणे शक्य नाही. जी गाडी राबली नाही ती वारसा ठरते, आणि जी आयुष्यभर राबली ती भंगार ठरते, असा या नियमांचा व्यावहारिक अर्थ आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने ही उपेक्षा विशेष विचार करण्यासारखी आहे. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याचेच नाव सांगली असे पडले. या साऱ्या मुलखाचा आर्थिक व्यवहार स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ज्या वाहनांवर चालला, त्यांत दीड ते तीन टन माल वाहणाऱ्या लहान ब्रिटिश गाड्यांचा वाटा मोठा होता. पुणे-मिरज रेल्वे त्या काळी मीटर गेजची होती, आणि साताऱ्यासारखे जिल्ह्याचे ठिकाणही स्टेशनापासून काही मैल दूर राहिले होते. वाई, पाटण, खटाव, खानापूर, जत या तालुक्यांतील बहुसंख्य गावांना रस्त्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. सांगलीच्या पेठेत येणारी आणि हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी हळद, कराडचा गूळ, भुईमूग, तंबाखू, महाबळेश्वरचा बटाटा हा सारा माल बैलगाडीतून उतरला तो या मोटारींत चढला.

प्रवासी वाहतुकीची कथाही वेगळी नाही. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. बॉडी लाकडी आणि आसने काथ्याची, असा त्या वेळच्या गाड्यांचा थाट होता. सुरुवातीच्या काळात या संस्थेच्या ताफ्यात शेव्हर्लेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. त्यांपैकी सहा ब्रिटिश होत्या. पुण्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी' या दोन आरामगाड्या मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर बांधलेल्या होत्या. त्यांच्या पडद्यांची, घड्याळाची आणि हिरवट काचांची आठवण वृद्ध प्रवासी अजून काढतात. पण त्या गाड्या खंबाटकी आणि पसरणीचे घाट रोज चढाव्यात म्हणून आगारात रात्री जे हात काळे होत, त्यांची आठवण कोणी काढत नाही.

दहा बनावटींचा ताफा सांभाळणे म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज उमगेल. प्रत्येक बनावटीचे पिस्टन, गास्केट, ब्रेकचे वायसर आणि पाटे निराळे. एक भाग कमी असला तर गाडी उभी राहते. सगळे भाग साठवावेत तर भांडवल गोठून बसते. शिवाय साधा नट सोडवायचा म्हटले तरी एका संचाच्या पान्यांवर भागत नसे. ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत. त्या पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगे. अमेरिकन पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर सांगे. त्यामुळे 'अर्धा इंच' लिहिलेले दोन पाने शेजारी ठेवले तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट दिसे. ब्रिटिश आट्याचा कोन 55 अंशांचा, अमेरिकन आट्याचा 60 अंशांचा; एकाचा बोल्ट दुसऱ्यात जबरदस्तीने बसवला की दोन्ही वाया जात. 1954 पासून टाटा-मर्सिडीजच्या गाड्या आल्या आणि मिलिमीटरचा तिसरा संसार त्याच पेटीत दाखल झाला. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या मेस्त्रीला हे तिन्ही हिशोब तोंडपाठ असावे लागत. त्याला कोणी तंत्रज्ञ म्हटले नाही, हा शब्दांचा दोष होता, ज्ञानाचा नव्हता.

या परिस्थितीला सरकारी धोरणाने आणखी एक वळण दिले. 1953 साली टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाविषयी शिफारशी केल्या. ज्यांना देशात क्रमाक्रमाने उत्पादन करायचे नाही, केवळ परदेशी भागांची जुळणी करायची आहे, अशा कंपन्यांना स्थान राहू नये, हे त्यांचे सार होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणी बंद केली. मद्रासच्या अशोक मोटर्सचे 1955 मध्ये अशोक लेलँड झाले आणि लेलँडच्या गाड्या देशातच बनू लागल्या. धोरण म्हणून ते चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. आजचा वाहन उद्योग त्याच पायावर उभा आहे. पण त्या निर्णयाने देशातील रस्त्यांवर आधीच धावणाऱ्या हजारो गाड्या पोरक्या झाल्या. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली आणि आयात आणखी आवळली गेली. बेडफर्ड किंवा कॉमर गाडीचा मालक ती मोडीत काढू शकत नव्हता, कारण नवी गाडी मिळत नव्हती. आणि चालवू शकत नव्हता, कारण सुटे भाग मिळत नव्हते.

या कोंडीतून वाट काढली ती लेथवाल्यांनी. जमीन या दृष्टीने अगोदरच तयार होती. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 पासून नांगर आणि पुढे पंपही घडवीत होता. साताऱ्याजवळ सातारारोडला धनजीशा कूपर यांनी 1922 साली अवजारांचा कारखाना काढला होता. सांगलीत 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. वालचंद महाविद्यालय म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. ओतकाम, कातकाम आणि मापाची शिस्त या परिसराला परकी नव्हती. मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथील छोट्या कारखान्यांतून झिजलेले सिलिंडर कातून त्यांत नवे स्लीव्ह बसवले जाऊ लागले, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतून तो हाताने खरवडून शाफ्टशी जुळवला जाऊ लागला, किंगपिन आणि बुश येथेच तयार होऊ लागले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्स डिझेल इंजिने देशात बनवायला सुरुवात केल्यावर अनेक मालकांनी पेट्रोलचे खर्चिक इंजिन उतरवून पर्किन्स बसवले. त्यासाठी इंजिनाचे पाय नव्याने बांधावे लागत, गिअरबॉक्सशी जोड साधावी लागे, वाढलेल्या वजनासाठी पुढचे पाटे बदलावे लागत. या कामासाठी विलायतेहून कोणी अभियंता आला नव्हता.

पंचवार्षिक योजनांच्या इतिहासात आयात-पर्यायी उत्पादन हा मोठा विषय मानला जातो. त्याची चर्चा पोलाद कारखाने आणि अवजड यंत्रसामग्री यांच्याभोवती फिरते. परंतु दहा बाय पंधराच्या पत्र्याच्या शेडमध्ये जो किंगपिन कातला गेला, तोही आयातीचा पर्यायच होता. हिशोबाच्या वह्यांत मात्र या श्रमाला नीट जागा मिळाली नाही. नवा ट्रक विकत घेतला की ती गुंतवणूक. जुना ट्रक दुरुस्तीने पाच वर्षे अधिक चालवला की तो नुसता खर्च, अशीच आपली रीत आहे. वस्तुतः भांडवलाची टंचाई असलेल्या देशात असलेल्या भांडवलाचे आयुष्य वाढवणे हे नव्या भांडवलनिर्मितीइतकेच मोलाचे असते. एका बेडफर्डवर मालक, ड्रायव्हर, क्लीनर, हमाल आणि मेस्त्री अशी पाच घरे चालत, तेव्हा ती गाडी आणखी पाच वर्षे टिकणे म्हणजे काय, हे कोणत्याही कोष्टकावाचून समजावे.

अर्थात या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. घाटात पाणी उकळून थांबलेल्या गाडीच्या चाकामागे दगड लावण्यासाठी चालत्या गाडीतून उडी मारणारा क्लीनर बहुधा अल्पवयीन मुलगा असे, आणि जेवण व शिकण्याची संधी हाच त्याचा पगार असे. हँडल उलटे फिरून मनगट मोडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ब्रेक नादुरुस्त असताना, क्षमतेबाहेर माल भरून गाड्या हाकल्या गेल्या आणि माणसे दगावली. धूर तर कोणी मोजतच नव्हते. दुरुस्ती आणि जुगाड यांत फरक केला पाहिजे, तो यासाठीच. मापाने केलेले काम ही दुरुस्ती होय; तार बांधून वेळ मारून नेणे म्हणजे जुगाड. दोन्ही गोष्टी त्या काळी घडल्या. यांपैकी पहिलीचा वारसा जपायचा आहे, दुसरीचा नव्हे. 1956 पासून राज्य परिवहनाने लाकडी बॉडी सोडून पोलादी बॉडी स्वीकारली, पुढे बनावटींची संख्या घटवली, हे प्रवाशांच्या हिताचेच झाले.

प्रश्न आजचा आहे. 2021 साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, आणि 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरणास पात्र राहिली नाही. प्रदूषण आणि सुरक्षितता यांच्या दृष्टीने या धोरणाला आधार आहे. परंतु त्याच सुमारास वाहनांचे अंतरंगही बदलले. एप्रिल 2020 पासून आलेल्या भारत-सहा मानकांच्या गाड्यांत बिघाड कोठे आहे हे कानाने कळत नाही, संगणकाने कळते; आणि त्या संगणकाच्या किल्ल्या कंपनीच्या हाती असतात. लहान टेम्पोच्या मालकाला गावातला मेस्त्री सोडून शहरातील अधिकृत केंद्र गाठावे लागते, आणि तेथे एक सेन्सर बदलण्याऐवजी अख्खा संच बदलला जातो. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला आणि त्यात मोटार उद्योगाचाही समावेश केला, हे योग्यच झाले. मात्र कंपन्यांनी माहिती संकेतस्थळावर देणे आणि तालुक्याच्या मेस्त्रीला ती वापरता येणे, यांत मोठे अंतर आहे. 1957 साली सुटा भाग मिळत नव्हता. आज भाग मिळतो, पण ज्ञान मिळत नाही. पहिली टंचाई लेथवर दूर झाली. दुसरी दूर करायला कायदाच लागेल.

म्हणून तीन गोष्टी होणे अगत्याचे आहे. जुन्या वाहनांच्या नियमांत मालवाहू गाड्या आणि प्रवासी बस यांचा समावेश व्हावा, आणि त्यांच्या बाबतीत 'मूळ स्वरूपा'ची अट शिथिल व्हावी. पर्किन्स बसवलेली बेडफर्ड ही बिघडलेली बेडफर्ड नसून तिच्या इतिहासासह उभी असलेली बेडफर्ड आहे. दुसरे म्हणजे, या दोन जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि राज्य परिवहनाच्या कार्यशाळा यांनी एकत्र येऊन जुनी माहितीपुस्तके, व्हिटवर्थचे पाने, घडवलेले भाग आणि निवृत्त मेस्त्री व चालकांच्या मुलाखती जमा कराव्यात. यास फार पैसा लागणार नाही. वेळ मात्र फार उरलेला नाही, कारण 1955 साली पंधरा वर्षांचा असलेला क्लीनर आज पंचाऐंशी ओलांडून गेला आहे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीचा हक्क हा ग्राहकापुरता न ठेवता कारागिरालाही द्यावा. निदान-यंत्रे आणि त्यांचे प्रशिक्षण तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेत माफक शुल्कात उपलब्ध करावे.

गाड्या परदेशी होत्या आणि त्या गेल्या, याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्या चालत्या ठेवण्याची विद्या मात्र इथलीच होती. ती भंगाराच्या काट्यावर जाऊ द्यायची की पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, हे ठरवण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.