तिसरा हप्ता

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा अवघा राग सुमारे तीन मिनिटांत मांडावा लागे. आज तासाभराचा ख्यालही सलग मुद्रित होऊ शकतो. मर्यादा आता तबकडीची नाही, स्टुडिओच्या ताशी भाड्याची आहे. त्यामुळे पहिला अल्बम काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सुरांइतकाच हिशेबही सांभाळावा लागतो.

पुण्यातील एका बावीस वर्षांच्या गायिकेची ही हकिकत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती. १८ ते २५ वयोगटातील कलाकारांना पुढील शिक्षणासाठी दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. रक्कम सहामाही हप्त्यांनी येते. तिसऱ्या हप्त्याचे ३०,००० रुपये जमा झाले आणि त्याच आठवड्यात एका चांगल्या स्टुडिओची तारीखही मोकळी झाली.

"पैसे तुझ्याच खात्यात आहेत ना? मग तारीख घेऊन टाक," वडील म्हणाले.

तिला मात्र निश्चय होईना. शिष्यवृत्तीसाठी प्रगतीचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि त्यात गुरूंचा अभिप्राय असतो. तिने गुरूंनाच विचारले.

त्या म्हणाल्या, "ही रक्कम शिकण्यासाठी आहे. अल्बम हा शिक्षणाचाच भाग आहे असे तुला मनापासून वाटत असेल, तर अहवालात तसे लिही. मी सही करीन. लिहिताना हात अडखळला, तर त्या पैशांना हात लावू नकोस."

हात अडखळला. तारीख सोडून दिली गेली. घरात दोन दिवस अबोला राहिला.

पुढचे चार महिने तिने संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि ते उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवले. शिष्यवृत्तीतून तालमीचे शुल्क, प्रवास आणि तानपुऱ्याची जवारी एवढाच खर्च केला. आठ रचनांचा बेतही आखडता घेतला: एकच राग, पूरिया धनाश्री, विलंबित आणि द्रुत ख्याल, एकच दिवस. तबला आणि संवादिनीच्या साथीदारांचे मानधन आधीच पाकिटात घालून ठेवले होते. काम संपताच ते त्यांच्या हाती पडले.

मुद्रण ऐकून गुरू एवढेच म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी गायली असतीस, तर यात घाई ऐकू आली असती."

वितरणाचा करारनामा आला तेव्हा ज्या वडिलांनी तारीख घ्यायला सांगितले होते, त्यांनीच तो ओळीओळीने वाचला. २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने व्यावसायिक वापराबद्दल कलाकाराला स्वामित्वधनाचा हक्क दिला आहे. सादरीकरणावरील त्याचा अधिकार पन्नास वर्षे टिकतो. करारात स्वामित्वधनाचा उल्लेखच नव्हता. तो घालून घेतल्यावरच सही झाली.

घरात कलावंत वाढत असेल, तर पालकांनी शिक्षणाचा निधी, मुद्रणाचा खर्च आणि साथीदारांचे मानधन यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. अनुदान म्हणजे नुसती रक्कम नव्हे; कोणीतरी आपल्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. तो जपण्यासाठी चार महिने थांबावे लागले, तरी त्याने गाण्याचे नुकसान होत नाही.