बदनाम टेलिकन्व्हर्टर

"टेलिकन्व्हर्टर? पैसे पाण्यात!" हिंजवडीतल्या आमच्या कँटीनमध्ये फोटोग्राफीचा विषय निघाला की हा निकाल कोणीतरी देतंच. "कुठल्या लेन्सवर लावला होतास?" असं विचारलं की साहेब चहात बिस्किट बुडवायला लागतात.

मंडळी, आठवडाभर आपण कोड टेस्ट करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे फ्रेशरलासुद्धा कळतं. आणि शनिवारी हाच प्राणी स्वस्तातल्या ७०-३०० झूमला २एक्स कन्व्हर्टर लावतो, पाषाण तलावावर संध्याकाळच्या उजेडात हातात कॅमेरा धरून पाणकावळा टिपतो, आणि फोटो धूसर आला की फाशी कन्व्हर्टरला! कमाल आहे.

तो बिचारा करतो काय? लेन्सने बनवलेल्या प्रतिमेचा मधला भाग मोठा करतो. १.४एक्स असेल तर एक स्टॉप प्रकाश खातो, २एक्स असेल तर दोन. म्हणजे आयएसओ तोच ठेवला तर १/१००० चा फोटो २एक्सवर १/२५० ला घ्यावा लागतो. लेन्सचे दोषही त्याच पटीत मोठे होतात. एफ/५.६ ची लेन्स एफ/११ होते, आणि तिथे जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस मान टाकतो. (मिररलेसवाले याबाबतीत सुखी आहेत.)

म्हणून गेल्या रविवारी गच्चीच्या भिंतीवर पेपरातल्या छोट्या जाहिराती चिकटवल्या. ट्रायपॉड, टायमर, अंतर, उजेड, १.४एक्स कन्व्हर्टर, सगळं तेच. बदलली फक्त लेन्स. आणि तुलना कशाशी केली? त्याच लेन्सच्या क्रॉप केलेल्या फोटोशी! कन्व्हर्टर नसता तर आपण क्रॉपच करणार ना? २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट क्रॉप केला की हातात १२च उरतात.

३०० एफ/४ प्राइमवर कन्व्हर्टर सरळ जिंकला. क्रॉपमध्ये नुसते काळे ठिपके दिसणारे फोन नंबर चक्क वाचता आले. झूमवर ३०० ला दोन्ही फोटो सारखेच गचाळ. एक स्टॉप बंद केल्यावर जरा सुधारले, पण पहाटे पक्ष्यांच्या वेळेला तेवढा उजेड असतो कुठे? तेव्हा झूमवाल्यांनी पैसे वाचवावेत, प्राइमवाल्यांनी बेलाशक घ्यावा.

एवढा जीव का काढतोय म्हणाल तर भिगवणसाठी. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो उतरतात आणि पाठोपाठ आपण. बॅगेत महागडी प्राइम, तोंडात "कन्व्हर्टरने शार्पनेस जातो बुवा", आणि नावाड्याला आग्रह, "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना!" शेवटी अख्खा थवा खाणं सोडून उडतो. वर त्या उडण्याचेही फोटो काढून घ्यायचे!

साधं गणित आहे. ३०० एमएमने ५० मीटरवरून पक्षी जेवढा मोठा मिळतो, तेवढाच ४२० ने ७० मीटरवरून मिळतो. केसभर शार्पनेस जाईल, जाऊ दे की. मधले ते २० मीटर त्या पक्ष्याच्या हक्काचे आहेत.