सुट्टी सिगरेट

पोरगा सिगरेट ओढतो हे कळलं की घरोघरी साधारण एकच प्रयोग होतो. आई रडते, बाबा आरडाओरडा करतात, पॉकेटमनी बंद, मोबाईल जप्त आणि खापर "त्या" मित्रावर. त्या मित्राच्या घरी तेव्हा खापर आपल्या पोरावर फुटत असतं, ते सोडा :)

माझ्या मते हे सगळं फार उशिरा सुरू होतं. २०१९ साली देशभरातल्या शाळांमध्ये १३ ते १५ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली, ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे. त्यात ८.५ टक्के मुलं तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात वापरत होती. मला हादरवणारा आकडा मात्र दुसराच. ज्यांनी कधी सिगरेट ओढली होती, त्यातल्या ३८ टक्के जणांनी पहिली सिगरेट दहावा वाढदिवस यायच्या आत ओढली होती! विडीच्या बाबतीत ४७ टक्के. म्हणजे चौथी-पाचवीतली पोरं. त्या वयात कसला डोंबलाचा कॉलेजचा ग्रुप? त्या वयाची संगत म्हणजे घर आणि गल्ली.

आणि घरात काय चालतं? "जा रे, कोपऱ्यावरून काकांना एक सिगरेट घेऊन ये. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे." झालं! पोराला ब्रँड पाठ, टपरीवाला ओळखीचा, वर बक्षीस. १८ वर्षांखालच्यांना सिगरेट विकायला २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगरेट-विडी विकायलाही बंदी आली. ती योग्यच होती, कारण अख्खं पाकीट शाळकरी पोराला परवडत नाही, ते लपवावं लागतं आणि त्यावर तो भयानक फोटो असतो. सुट्टीला यातली एकही कटकट नाही. पण टपरीवर जाऊन बघा, दोरीला टांगलेला लायटर कशासाठी असतो ते कळेल. तिथे रोज पोलीस उभा करता येणार नाही, पण पोराला टपरीवर पाठवणं आजपासून बंद करता येतं. फुकट.

बाबाच ओढत असतील तर? बाल्कनीत लपून ओढण्याला काही अर्थ नाही, पोरांना सगळं कळतं. त्यापेक्षा सरळ सांगावं, "मला सुटत नाहीये." पाकिटावर १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठी मदतीचा नंबर छापलेला असतो, तो पोरासमोर लावावा. नंतरची चिडचिड, डोकेदुखी, चौथ्या दिवशी मोडलेला निश्चय, सगळं त्याला दिसू दे. पंधराव्या वर्षी पन्नाशीतला कॅन्सर म्हणजे सायन्स फिक्शन. बापाची हतबलता मात्र समोर दिसते.

तोंडाचा वास घेणं, दप्तर तपासणं वगैरे प्रकार मला पटत नाहीत. आमच्या धंद्यात टेस्टिंग कडक केलं की लोक टेस्ट पास करायला शिकतात, तसंच हे. पोरं च्युइंगगम चघळतात. ई-सिगरेटवर २०१९ पासून बंदी असली तरी ती हाती लागलीच, तर तिला तसला वासही नसतो. मग काय हुंगणार?

असो. पोरगं सापडलंच, तर "कोणी शिकवलं?" हा प्रश्न गिळा. "पहिल्यांदा कधी ओढलीस?" एवढंच विचारा आणि त्याचं सांगून होईपर्यंत गप्प बसा (आपल्याकडे हे सगळ्यात अवघड, माहितीये). लग्नघरात मांडवामागे, काकांनी अर्धवट टाकलेलं थोटूक, वय वर्षं नऊ... असलं काही ऐकायची तयारी ठेवा.