आधी विचारा, मग झोपवा

सध्या मुक्काम भिलाई, एनसीसीची पोस्टिंग. शेजारी स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले नागपूरकडचे काका राहतात. मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता काकूंनी दार ठोठावलं. काकांना जबरदस्त धाप लागली होती. मी फौजी सवयीने हुकूम सोडला, "काका, आडवे व्हा." ते उठू पाहत होते, मी खांदा दाबून धरला.

काकू म्हणाल्या, "साहेब, पंधरा दिवस झाले, ते उशा रचून बसूनच झोपतात जी."

तेव्हा कुठे मी हात काढला. त्यांना बसवलं, पाय खाली सोडले. अँब्युलन्स येईपर्यंत धाप थोडी उतरली. हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसांत पाणी साचलं होतं. माणूस आडवा झाला की पायांकडचं रक्त छातीकडे परततं आणि फुप्फुसांतला दाब आणखी वाढतो. काका आता घरी आहेत. माझी चूक मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण हे विज्ञान मला ठाऊक होतं. खडकवासल्याचे माझे काही कोर्समेट हवाई दलात आहेत. त्यांना ते अंगावर झेलावं लागतं. फुप्फुसांतल्या रक्ताचा दाब शरीरातल्या दाबाच्या साधारण सहावा हिस्सा. त्यामुळे उभ्या माणसातही फुप्फुसाच्या शेंड्याला रक्त कमी पोचतं, तळाला जास्त. लढाऊ विमान वळणात ५ जी घेतं तेव्हा रक्त पाचपट जड होतं. शेंड्याला हवा असते पण रक्त नाही. तळाला रक्त असतं पण तिथल्या श्वासवाटा मिटतात. मेंदूचं रक्तही पायांकडे ओढलं जातं, म्हणून जी-सूट पाय आणि पोट आवळतो.

अंतराळवीर उड्डाणात पाठीवर रेलून असतो तोही याचसाठी. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, तेव्हा भार छातीकडून पाठीकडे होता. मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळला जातो, पण श्वास घ्यायला छातीला झगडावं लागतं. शरीर कसं ठेवलंय यावर सगळं ठरतं.

भिलाईला तर हे २०२१ मध्येच कळायला हवं होतं. इथल्या प्लांटचा ऑक्सिजन तेव्हा देशभर गेला. त्याच दिवसांत डॉक्टर रुग्णांना पालथं झोपायला सांगत होते. पालथं झाल्यावर पाठीकडचा दबलेला भाग हवेसाठी मोकळा होतो आणि रक्त तिकडे बऱ्यापैकी वाहतच राहतं. ऑक्सिजनला टँकर लागत होते, पालथं व्हायला काहीच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पायलटला जे शिकवतो, त्यातलं चार ओळींचं ज्ञान प्रत्येक कॅडेटला मिळालं पाहिजे. परेडमध्ये चक्कर येऊन कुणी पडला, तर आडवं करून पाय वर. शुद्धीत असून धाप लागली, तर बसवा, मदत बोलवा. आणि रुग्ण स्वतः उठून बसू पाहत असेल, तर त्याला दाबू नका.

माझ्या कॅडेट्सना मी आता हे दर शनिवारी करून दाखवायला लावतो. माजी सैनिक वाचकांनो, तुमच्या कॉलनीतही दाखवा. हुकूम द्यायची आपली सवय जुनी आहे. आधी विचारायची लावून घेऊ.

जय हिंद.