खातं एक, कप्पे चार

एक तारखेला घरून पैसे आले की आपल्या हॉस्टेलवर दिवाळी असते. वीस तारखेनंतर मात्र रूमरूममधून एकच प्रश्न ऐकू येतो, "शंभर आहेत का रे?" याचं कारण दरवेळी उधळपट्टीच असतं असं मला वाटत नाही. मोबाइलवर खात्यातला एकच आकडा दिसतो आणि तो सगळा आपलाच वाटतो. खरं तर त्यातले काही पैसे मेसचे असतात, काही परीक्षेच्या फॉर्मचे, काही सुट्टीत घरी जायच्या तिकिटाचे. यांतून उरतील तेवढेच आपले. पण आकड्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं!

म्हणून माझं म्हणणं असं, की बँकेत खातं एकच असलं तरी त्याचे कप्पे पाडावेत. हे शिकायला मॅनेजमेंटचं जाड पुस्तक नको, आपल्या बिल्डिंगचं मेंटेनन्सचं बिल पुरेसं आहे.

मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात राहतो. तिथे जिकडे पाहाल तिकडे हाउसिंग सोसायट्या. बिलात पाणी, सेवा शुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड अशा वेगवेगळ्या ओळी असतात. आपण चेक एकच देतो आणि तो सोसायटीच्या खात्यात जमा होतो, पण वहीत प्रत्येक रुपयाचं घर ठरलेलं असतं. राज्यातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के घ्यायचा असतो. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर हे अनुक्रमे वर्षाला २,००० आणि ६,००० रुपये होतात. म्हणजे महिन्याला साधारण १६७ आणि ५००. रक्कम छोटी, पण पुढे कधीतरी इमारतीचे कॉलम दुरुस्त करायची वेळ आली की याच पैशांचा आधार असतो. (सिव्हिलवाल्यांनी व्हॅल्युएशनमध्ये ही गणितं घोटलेली असतीलच.)

यातली खरी गंमत कप्प्यांच्या संख्येत नाही, झाकणात आहे. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सेक्रेटरींना वाटलं आणि गच्चीवरच्या पार्टीला पैसे काढले, असं चालत नाही. आपल्या खात्याला सेक्रेटरीही आपणच, सभाही आपणच आणि ठराव रात्री अकरा वाजता पावभाजीच्या गाडीवर पास होतो!

तुम्ही म्हणाल, रुपया तो रुपया, त्याला नावं कसली द्यायची? हा आक्षेप खोटा नाही. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली माणसाच्या या 'मनातल्या हिशेबा'वर निबंध लिहिला आणि २०१७ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस पैशाला नावं देतो आणि त्यापायी कधी कधी नुकसानही करून घेतो, हे त्याने दाखवलं. एका कप्प्यात बचत खात्याचं किरकोळ व्याज मिळवायचं आणि दुसरीकडे क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवायची, हा शुद्ध वेडेपणा. उधारी असेल तर ती आधी फेडावी, मग कप्पे. पण याच सवयीमुळे मेसचे पैसे सिनेमात जात नाहीत, ही तिची दुसरी बाजू.

आता करायचं कसं? रोजच्या चहा-झेरॉक्ससाठी यूपीआय लाइट वापरा. २०२२ साली आलेली ही सोय म्हणजे खात्यातून बाजूला काढलेलं छोटं पाकीटच. त्यात ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, पण आपण आठवड्याचे पाचशेच भरावेत. पिन लागत नाही, म्हणजे झाकण नसलेला डबा, तेव्हा त्यात थोडंच ठेवलेलं बरं. परीक्षेच्या फीसाठी त्याच बँकेत छोटी आरडी काढा. मध्येच मोडली तर व्याज कमी मिळतं, तेच तिचं झाकण. मेसचे पैसे आले त्याच दिवशी भरून मोकळं व्हा. उरलेला चौथा कप्पा तुमचा, त्याचा जाब कोणी विचारू नये. आपल्या स्टाफमधल्या मंडळींना यात नवीन काही नाही. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो, म्हणून तर साठतो.

एक इशारा मात्र हवा. कप्पे खर्चापासून वाचवतात, बँक अडचणीत आली तर वाचवत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. कित्येक हाउसिंग सोसायट्यांचे निधीही त्यात अडकले. वहीत ओळी वेगळ्या होत्या, पण कुलूप सगळ्यांना एकच लागलं. आज ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण एका बँकेत तुमच्या नावावर कितीही ठेवी असल्या तरी मर्यादा एकच. तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या.

शेवटी एवढंच सांगायचंय, घरून येणारा पैसा आधीच कुठल्यातरी कप्प्यातून निघालेला असतो. कोणी घराला रंग द्यायचं पुढे ढकललेलं असतं, कोणी चष्मा बदलायचं. तो पाठवणाऱ्याने "हे फीचे" असं सांगून पाठवलेला असतो. त्याने दिलेलं नाव आपल्या मोबाइलवर पोचेपर्यंत पुसून जातं. ते पुन्हा लिहायला एक तारखेची दहा मिनिटं लागतात, बस्स.